जिंकलेल्या शहराची अमानत

हिजरी सन ५८८, म्हणजे इ.स. ११९२ चा रमजान. जेरुसलेममध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्युबी मुक्कामाला होते. इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सुलतान यांच्यातील लढाई थांबून काही दिवसच झाले होते. २ सप्टेंबरला तह झाला आणि सुमारे तीन वर्षांची युद्धबंदी ठरली. समुद्रकिनाऱ्याची शहरे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती सैन्याकडे राहिली, जेरुसलेम सुलतानांकडे राहिले. मात्र एक अट अशी होती की, नि:शस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना शहरात येऊन आपल्या पवित्र स्थळांचे दर्शन घेता यावे.

रोज्याच्या त्या दिवसांत यात्रेकरूंच्या तुकड्या डोंगर चढून येऊ लागल्या. काही आठवड्यांपूर्वी हीच माणसे तलवार घेऊन समोर उभी होती. वर्षभरापूर्वी अक्का शहर पडल्यावर रिचर्डने सुमारे २,७०० मुस्लीम कैद्यांची कत्तल केली होती. त्या कैद्यांचे नातेवाईक सुलतानांच्या सैन्यात होते. यात्रेकरूंवर सूड उगवण्याची परवानगी त्यांनी मागितली. सुलतानांनी ती नाकारली, रस्त्यावर पहारे बसवले. आपण लेखी परवाना दिलेल्यांनाच आत सोडावे, असे रिचर्डने कळवले होते. सुलतानांनी तेही मानले नाही. दूरदेशाहून दर्शनाला आलेल्या माणसाला अडवायचे नाही, असे त्यांचे मत होते.

यात्रेकरूंमध्ये सॉल्सबरीचे बिशप ह्युबर्ट वॉल्टर होते. सुलतानांनी त्यांचा पाहुणचार केला आणि हवे ते मागा म्हणून सांगितले. बिशपांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. येशू ख्रिस्तांच्या कबरीवर बांधलेले होली सेपल्कर चर्च, बेथलेहेम आणि नाझरेथ या तीन ठिकाणी लॅटिन पंथाच्या दोन धर्मगुरूंना आणि त्यांच्या दोन मदतनिसांना उपासना करू द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती. ती मान्य झाली.

पाच वर्षांपूर्वी सल्लागारांचे ऐकले असते तर मात्र त्या चर्चच्या जागी दगडांचा ढीग उरला असता.

तिकरीतचा मुलगा

सलाहुद्दीन यांचा जन्म हिजरी ५३२ मध्ये, म्हणजे इ.स. ११३७-३८ च्या सुमारास, आजच्या इराकमधील तिकरीत येथे एका कुर्द घराण्यात झाला. वडील नजमुद्दीन अय्युब किल्लेदार होते. पुढे त्यांना आजच्या लेबनॉनमधील बालबेकचा कारभार मिळाला. बालबेकचा किल्ला म्हणजे जुन्या रोमन मंदिरांचाच परिसर होता. ज्युपिटर या देवतेच्या मंदिराचे उंच खांब, त्याभोवती तटबंदी आणि त्या तटाच्या आत फौज, अशा जागी या मुलाचे बालपण गेले. नंतरची वर्षे दमास्कसमध्ये गेली.

तो काळ क्रुसेडचा होता. युरोपातील फौजांनी १०९९ मध्ये जेरुसलेम जिंकले होते. त्यांना अरब लोक ‘फ्रंज’ म्हणत. आपल्याकडचा ‘फिरंगी’ हा शब्दही त्याच कुळातला. १५ जुलै १०९९ रोजी शहर पडले तेव्हा तिथल्या मुस्लीम आणि ज्यू रहिवाशांची मोठी कत्तल झाली. सखऱ्याचा घुमट, म्हणजे कुब्बतुस सखरा, याचे चर्च झाले आणि घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेला क्रूस चढला. मस्जिद-ए-अक्सा आधी राजवाडा झाली, मग टेंपलर या लढाऊ धर्मसंघाचे ठाणे. तिला लागून कोठारे आणि शौचकूप बांधले गेले. या आठवणी घराघरांत सांगितल्या जात होत्या.

कैरोतील पुस्तकांचा लिलाव

काका शिरकूह यांच्याबरोबर सलाहुद्दीन इजिप्तच्या मोहिमांवर गेले. काकांच्या मृत्यूनंतर मार्च ११६९ मध्ये ते तिथले वजीर झाले. ११७१ मध्ये फातिमी खिलाफत संपली. फातिमी घराणे शिया पंथाच्या इस्माईली शाखेचे होते, सलाहुद्दीन सुन्नी होते.

फातिमींच्या राजवाड्यात त्या काळातील जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एक होता. पुस्तकांची संख्या इतिहासकार वेगवेगळी देतात, पण संग्रह अफाट होता याबद्दल सर्वांचे एकमत आहे. नव्या राजवटीने तो विकायला काढला. आठवड्यातून दोन दिवस लिलाव होई आणि तो वर्षानुवर्षे चालला. दलाल ग्रंथांचे भाग एकमेकांत मिसळत, किंमत पाडत आणि स्वस्तात उचलत. सुलतानांचे चिटणीस इमादुद्दीन यांनीही त्या लिलावात पुस्तके घेतली आणि तिथला गोंधळ लिहून ठेवला. सुलतानांचे विश्वासू मंत्री काझी अल फाजिल यांनी मोठ्या संख्येने ग्रंथ मिळवून कैरोतील आपल्या मदरशाला दिले. त्यामुळे काही भाग वाचला. पण शंभर वर्षांनी दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी एकेका भाकरीसाठी एकेक ग्रंथ विकला, असे इतिहासकार नोंदवतात. एकदा विखुरलेला संग्रह पुन्हा एकत्र आला नाही.

राजवाडा कोणी जाळला नाही, लुटला नाही. तरी एका पराभूत घराण्याची दोन शतकांची विद्या बाजारात गेली. युद्ध संपल्यावर होणारे नुकसान बहुधा असेच होते. त्याला आगीचा धूर नसतो, म्हणून ते दिसत नाही.

११७६ मध्ये कैरोच्या किल्ल्याचे काम सुरू झाले. त्यावर देखरेख करणारे अमीर कराकूश यांनी गिझा येथील लहान पिरॅमिड पाडून त्यांचे दगड किल्ल्यासाठी आणि पुलांसाठी वापरले. किल्ल्याची गरज खरी होती. जवळच तयार दगड होता आणि तो कोणाच्या मालकीचा नव्हता. जुन्या फिरऔनांच्या बाजूने बोलणारे तेव्हा कोणी उरलेही नव्हते.

तलवारीची शपथ

४ जुलै ११८७ रोजी हित्तीनच्या लढाईत फ्रँक सैन्याचा पूर्ण पराभव झाला. येशूंना ज्यावर चढवले तो खरा क्रूस म्हणून ख्रिस्ती सैन्य जो लाकडी अवशेष लढाईत नेत असे, तोही सुलतानांच्या हाती लागला. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांची फौज जेरुसलेमच्या तटाशी उभी होती. सुरुवातीला त्यांनी शरणागतीच्या सौम्य अटी देऊ केल्या. आतल्या लोकांनी त्या धुडकावल्या. तेव्हा हे शहर १०९९ मध्ये जसे घेतले गेले तसेच तलवारीने घेईन, अशी शपथ सुलतानांनी घेतली.

तटाला भगदाड पडल्यावर शहराचा बचाव करणारा सरदार बेलियन बोलणीसाठी आला. त्याच्याकडे शेवटचा एकच डाव होता. अभय मिळणार नसेल तर शहरातील हजारो मुस्लीम कैदी ठार करू, मग सखऱ्याचा घुमट आणि अक्सा मशीद जमीनदोस्त करू आणि त्यानंतर लढून मरू, असे त्याने बजावले. ज्या वास्तूंसाठी ही सारी मोहीम होती, त्या वास्तूच ओलीस ठरल्या.

सुलतानांनी जाणकारांचा सल्ला घेतला आणि शपथ बाजूला ठेवली. २ ऑक्टोबर ११८७ रोजी शहर ताब्यात आले. तो रजब महिन्याचा २७ वा दिवस होता, मेराजच्या रात्रीची तारीख. शहरात कत्तल झाली नाही. दर पुरुषामागे दहा दिनार, स्त्रीमागे पाच आणि लहान मुलामागे नाममात्र रक्कम भरून चाळीस दिवसांत शहर सोडायचे, असे ठरले. गरिबांसाठी एकत्रित तीस हजार दिनार घेतले गेले. सुलतानांनी आणि त्यांचे भाऊ अल आदिल यांनी अनेकांना पैसे न घेता सोडले. तरीही ज्यांना पैसे भरता आले नाहीत असे हजारो लोक गुलामगिरीत गेले. त्या काळच्या युद्धाचा तो रिवाज होता, पण ज्यांच्या वाट्याला तो आला त्यांचे दुःख त्यामुळे कमी होत नाही.

त्याच दिवसांत शहराचे मुख्य धर्मगुरू, पेट्रिआर्क हेराक्लियस, चर्चमधील सोने-चांदीचा खजिना गाड्यांवर लादून निघाले. तो जप्त करून सैन्याला वाटावा, असे अमिरांनी सुचवले. सुलतानांनी नकार दिला. तहात माणशी दहा दिनार ठरले होते, तेवढेच त्यांच्याकडून घेतले आणि जाऊ दिले. करार मोडला असा बोल आपल्या माणसांना लागू नये, हे त्यांना खजिन्यापेक्षा महत्त्वाचे वाटले. त्या खजिन्यातून कितीतरी गरीब ख्रिस्ती सोडवता आले असते. ते झाले नाही. तो हिशेब पेट्रिआर्कांच्या खात्यावर राहिला.

चर्च पाडायचे की ठेवायचे?

घुमटावरचा क्रूस उतरवला गेला. काही लोकांनी जल्लोषात तो रस्त्यातून ओढत नेला. अक्साभोवतीची बांधकामे काढली. मशीद आणि सखरा गुलाबपाण्याने धुतले. सुलतानांचे पुतणे तकीउद्दीन स्वतः गुलाबपाणी घेऊन आले. सखऱ्याचा खडक फ्रँक राजांनी संगमरवराने झाकला होता, कारण यात्रेकरू आणि धर्मगुरू त्याचे तुकडे तोडून नेत आणि ते सोन्याच्या भावाने विकले जात. तो संगमरवर काढण्यात आला. मात्र फ्रँक कारागिरांनी खडकाभोवती बसवलेली सुंदर लोखंडी जाळी तशीच ठेवली गेली. ती विसाव्या शतकापर्यंत तिथे होती.

९ ऑक्टोबरला अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतर अक्सात जुम्म्याची नमाज झाली. सुलतानांचे जुने धनी नुरुद्दीन यांनी जेरुसलेम जिंकल्यावर तिथे ठेवण्यासाठी एक लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचे व्यासपीठ, आधीच अलेप्पोत घडवून घेतले होते. ते पाहायला नुरुद्दीन हयात नव्हते. सलाहुद्दीन यांनी ते मिंबर आणवून मशिदीत बसवले आणि श्रेय ज्याचे त्याला दिले.

मग प्रश्न आला होली सेपल्कर चर्चचा. काही सल्लागारांचे म्हणणे होते की, ते पाडून टाकावे, जमीन नांगरावी, म्हणजे युरोपातून पुन्हा कोणी या ओढीने येणार नाही. हा विचार नवा नव्हता. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल हाकिम याने हेच चर्च पाडले होते. त्याचा परिणाम काय झाला? जगभरच्या ख्रिस्ती मनात जखम राहिली, पुढे बायझंटाईन सम्राटाच्या पैशाने चर्च पुन्हा उभे राहिले आणि ती जखम घेऊन नंतरच्या पिढ्या शस्त्रे घेऊन आल्या.

बहुसंख्य सल्लागारांनी दुसरी बाजू मांडली. ख्रिस्ती लोक येतात ते त्या जागेसाठी, दगड-चुन्यासाठी नव्हे. इमारत गेली तरी श्रद्धा जाणार नाही. आणि त्याहून मोठे कारण हजरत उमर (रजि.) यांचे होते. इ.स. ६३८ च्या सुमारास हे शहर त्यांच्या काळात शरण आले, तेव्हा त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे त्यांच्याकडेच ठेवली होती. परंपरा सांगते की, चर्च पाहत असताना नमाजची वेळ झाली, पेट्रिआर्क सोफ्रोनियस यांनी तिथेच नमाज पढण्याची विनंती केली, पण उमर (रजि.) बाहेर आले आणि पायरीवर नमाज पढले. खलिफांनी इथे नमाज पढली म्हणून उद्या कोणी चर्चवर हक्क सांगू नये, हा त्यामागचा विचार होता. जिंकणाऱ्याने स्वतःच्या माणसांच्या भावी मोहालाही आज कुंपण घालायचे असते, हे त्यांनी ओळखले होते. मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी या सर्वांत ईश्वराचे नाव घेतले जाते, असा उल्लेख कुरआनच्या सूरह हजमध्ये आहे. तोच विचार या वागण्यात दिसतो.

सलाहुद्दीन यांनी उमर (रजि.) यांचा मार्ग धरला. चर्च काही दिवस बंद राहिले, मग उघडले. फ्रँक धर्मगुरू गेले. पूर्वेकडचे स्थानिक ख्रिस्ती जिझिया भरून राहिले आणि त्यांनी उपासना सुरू ठेवली. ज्यू लोकांनाही शहरात परत वस्ती करता आली. मरियम यांच्या आई संत ॲन यांचे चर्च मात्र मदरसा झाले आणि पेट्रिआर्कांचा वाडा सूफींचा खानकाह झाला. म्हणजे सर्व काही होते तसे राहिले नाही. परंतु संत ॲनची दगडी इमारत मदरसा म्हणून शतकानुशतके सांभाळली गेली आणि आज पुन्हा चर्च म्हणून उभी आहे. होली सेपल्करच्या दाराची किल्ली आणि दार उघडण्याचा मान आजही दोन मुस्लीम घराण्यांकडे आहे.

अस्कलानचे दगड

पण पुढची चार वर्षे अशी आली की, हाच सुलतान शहरे पाडू लागला. सप्टेंबर ११९१ मध्ये अर्सुफच्या लढाईत रिचर्डने त्यांचा पराभव केला. आता तो समुद्रकाठचे अस्कलान घेईल आणि तिथून इजिप्तचा रस्ता तोडेल, अशी भीती होती. दोन्ही शहरे राखायला फौज नव्हती. जेरुसलेम वाचवायचे तर अस्कलान सोडावे लागणार होते.

अस्कलान देखणे, भक्कम आणि भरलेले शहर होते. ते पाडण्याचा हुकूम देण्याआधीची रात्र सुलतानांनी जवळजवळ जागून काढली. एक दगड पाडण्यापेक्षा आपली मुले गमावणे सोपे वाटते, अशी व्यथा त्यांनी चरित्रकार बहाउद्दीन यांच्याजवळ बोलून दाखवली. मग हुकूम दिला. लोकांनी घरचे सामान मातीमोल विकले. एका दिरहमला बारा कोंबड्या जात होत्या. बायकामुले इजिप्त आणि सीरियाच्या वाटेला लागली. तट आणि बुरूज जाळून पाडले. त्याच मोहिमेत रमल्याचा किल्ला आणि लिद्द येथील संत जॉर्ज यांचे चर्चही पाडले गेले. अक्क्याच्या कत्तलीनंतरच्या काळात हाती लागलेल्या अनेक फ्रँक कैद्यांनाही त्यांनी ठार करवले होते.

ज्या हाताने एक चर्च वाचवले त्याच हाताने दुसरे पाडले. पहिल्या वेळी हाताशी विजय होता, दुसऱ्या वेळी पराभव मागे लागला होता. आजही १९५४ च्या हेग करारात युद्धकाळात सांस्कृतिक वारसा जपण्याचे बंधन राष्ट्रांवर आहे. पण लष्करी गरज अटळ असेल तर त्यातून सूट आहे. अस्कलानचा प्रश्न त्या एका सुटीत अजून जिवंत आहे. गरज अटळ आहे हे ठरवणार कोण? बहुतेक वेळा तोच, ज्याच्या हाती कुदळ असते. सलाहुद्दीन यांच्या बाबतीत एवढे खरे की, त्यांनी आपल्या कृत्याला पुण्य म्हटले नाही, नुकसानच म्हटले.

हित्तीनला मिळालेला क्रूसाचा अवशेषही त्यांनी परत केला नाही. बायझंटाईन सम्राटाने आणि जॉर्जियाच्या राणीने तो मागितला, दोघांनाही नकार मिळाला. पुढे तो कुठे गेला ते इतिहासाला सापडले नाही. होली सेपल्करबाबत जो विचार केला, तो या लाकडाबाबत झाला असता तर एक देणे फिटले असते.

राहिलेले रोजे

आजारपण आणि मोहिमा यांमुळे सुलतानांचे काही रमजानचे रोजे राहून गेले होते. काझी अल फाजिल यांनी त्या दिवसांची यादी ठेवली होती. अखेरच्या काळात जेरुसलेममध्ये असताना त्यांनी हे कजा रोजे, म्हणजे राहिलेले रोजे, एकेक करून पूर्ण करायला घेतले. प्रकृती साथ देत नव्हती, हकीम रागावत होते. तरीही ते थांबले नाहीत. उद्याचा भरवसा नाही, देणे आजच फेडावे, असे त्यांना वाटे. त्याच काळात शहराच्या तटबंदीचे काम चालू होते आणि सुलतान स्वतः खांद्यावर दगड वाहत असत. बगदादचे विद्वान अब्दुल लतीफ यांनी ते पाहिले आणि लिहून ठेवले.

४ मार्च ११९३ रोजी दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. इजिप्त आणि सीरियाच्या या सुलतानाच्या खासगी खजिन्यात सत्तेचाळीस दिरहम आणि सोन्याचे एक नाणे निघाले. घर नव्हते, शेत नव्हते.

तीन वर्षांनी, ११९६ मध्ये, त्यांचा मुलगा अल अजीज उस्मान याने गिझाचा तिसरा मोठा पिरॅमिड पाडायला घेतला. मजूर आठ महिने खपले. एका बाजूला खोल खाच पडली, बाकी पिरॅमिड जागचा हलला नाही. ती खाच आजही दिसते. हा खटाटोप अब्दुल लतीफ यांनी नोंदवला. प्राचीन वास्तू जपणाऱ्या जुन्या राजांचे त्यांनी कौतुक केले आणि त्या मोडणाऱ्यांना नावे ठेवली. बापाच्या काळात गरजेपुरता वापरलेला दगड मुलाच्या काळात हौसेचा झाला होता.

सुलतानांच्या स्वतःच्या कबरीचीही गोष्ट आहे. १८९८ मध्ये जर्मनीचे सम्राट कैसर विल्हेल्म दमास्कसला आले. त्यांनी कबरीवर सोनेरी मुलाम्याचे ब्राँझचे पुष्पचक्र दिले. १९१८ मध्ये ब्रिटिश आणि अरब फौजा शहरात शिरल्या, तेव्हा लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते पुष्पचक्र काढून नेले. आज ते लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. नुरुद्दीन यांचे मिंबर आठशे वर्षे अक्सात राहिले. २१ ऑगस्ट १९६९ रोजी एका माथेफिरूने लावलेल्या आगीत ते जळाले. कारागिरांनी जुनी नक्षी अभ्यासून तसेच नवे मिंबर घडवले आणि २००७ मध्ये ते जागेवर बसले.

इस्लाममध्ये अमानत या शब्दाला मोठे वजन आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला असणे म्हणजे अमानत. जिंकलेल्या शहरातील मंदिर, मशीद, चर्च किंवा ग्रंथालय हे जिंकणाऱ्याचे बक्षीस नसते, अमानत असते. सलाहुद्दीन यांनी ही अमानत जेरुसलेममध्ये बरीचशी सांभाळली. कैरोत, गिझात आणि लिद्दमध्ये ती त्यांच्या हातून सुटली. दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात शेजारी शेजारी आहेत आणि त्या तशाच सांगितल्या पाहिजेत. रोजे राहिले तर त्यांची यादी ठेवावी लागते, तरच ते फेडता येतात. शहरांचे आणि राज्यांचेही तसेच आहे.